एका झाडाची अनेक नावे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आज मला आपणांपुढे एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे 'कॅनाबिस'. ज्या झाडाला आपण गांजाचे झाड म्हणतो, त्याचे हे शास्त्रीय नाव. शाळेच्या संमेलनात हा विषय कशासाठी, असे काही पालकांस वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, शब्दाचा इतिहास शोधणे हा ज्ञानाचा एक मोठा आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. एका शब्दाचे बोट धरून निघालो की भूगोल, इतिहास, व्यापार, धर्मशास्त्र आणि कायदा अशी सारी दालने उघडत जातात. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. पुसेगावातून दहावी-बारावी होऊन मुले हिंगोलीला, नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. तेथे ही वस्तू त्यांच्यापुढे येते ती तिच्या खऱ्या नावाने येत नाही. ती निराळे, गोड, हलकेफुलके नाव घेऊन येते. म्हणून नावे कशी बनतात, कशी बदलतात आणि कशी फसवतात, हे मुलांना माहीत असणे गरजेचे आहे.

सुरुवात आपल्याच शिवारातून करू. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे मराठवाड्यातल्या प्रत्येक घरचे जेवण. अंबाडीच्या सालीचा वाख काढून त्याचे दोर, कासरे, दावी वळण्याची रीतही जुनी. ह्या अंबाडीचे शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस' असे आहे. कॅनाबिनस म्हणजे कॅनाबिससारखी. पानांची बोटे हाताच्या पंजासारखी पसरलेली असतात, त्या सारखेपणावरून हे नाव पडले. इंग्रजीत तिला 'डेक्कन हेंप', म्हणजे दक्षिणेतला हेंप, असेही म्हणतात. पण अंबाडीत नशेचा लवलेश नाही. ती जास्वंदी-भेंडीच्या कुळातली आहे. गांजाचे कूळ अगदी वेगळे. तेव्हा पहिला धडा असा की, नावात कॅनाबिस असले म्हणून वस्तू कॅनाबिस होत नाही.

दुसरे उदाहरण तागाचे. हिरवळीच्या खतासाठी आपले शेतकरी ताग पेरतात. त्याला सण असेही नाव आहे आणि इंग्रजीत त्याला 'सन हेंप' म्हणतात. केळीच्या कुळातल्या एका झाडाच्या धाग्याला 'मनिला हेंप' म्हणतात, घायपाताच्या धाग्याला 'सिसल हेंप'. ह्यांतले एकही झाड गांजाचे नव्हे. मग इंग्रजांनी सर्वांना हेंप का म्हटले? कारण त्यांच्या देशात दोर वळण्याचा मुख्य धागा हेंपचा, म्हणजे कॅनाबिसचा होता. जगात जेथे जेथे दोराचा धागा सापडला, तेथे तेथे त्यांनी तेच नाव चिकटवले. आपणही तेच करतो. हिरवळीचा ताग वेगळा आणि गोणपाटाचा बंगाली ताग वेगळा, परंतु मराठीत दोहोंना ताग हाच शब्द चालतो.

आता युरोपकडे वळू. 'कॅनाबिस' हा शब्द प्रथम ग्रीक भाषेत भेटतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार होऊन गेला. काळ्या समुद्राच्या उत्तरेस राहणाऱ्या सिथियन लोकांचे वर्णन करताना त्याने ह्या झाडाची दोन प्रकारे हकिकत दिली आहे. शेजारचे थ्रेसियन लोक ह्याच्या धाग्याचे कापड विणीत, ते इतके सुबक असे की जाणकारावाचून इतरांस ते जवसाच्या धाग्याचेच वाटावे. सिथियन लोक मात्र लहानशा तंबूत तापलेल्या दगडांवर ह्याचे बी टाकीत आणि त्या धुरात आनंदाने ओरडत. म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच ह्या झाडाचे दोन मार्ग नोंदलेले आहेत. एक कापडाचा, दुसरा धुराचा.

हा शब्द ग्रीकांचा स्वतःचा नव्हे; तो सिथियन किंवा त्यांच्या आसपासच्या लोकांकडून आला असावा, असे बहुतेक भाषापंडितांचे मत आहे. सिथियन हे नाव आपणांस परके वाटेल. परंतु त्यांनाच इराणी लोक शक म्हणत, असे हेरोडोटसनेच लिहून ठेवले आहे. ह्याच शकांच्या शाखा पुढे हिंदुस्थानात आल्या, आणि पंचांगातला 'शालिवाहन शक' त्यांच्याच नावाची आठवण देतो. संस्कृतातला 'शण' हा शब्द कॅनाबिसच्याच घराण्यातला असावा असे काही पंडित म्हणतात. त्यावर सर्वांचे एकमत नाही.

ग्रीकांकडून शब्द लॅटिनमध्ये गेला आणि लॅटिनच्या लेकी म्हणाव्यात अशा भाषांत त्याची रूपे बदलली. इटालियनमध्ये 'कानापा', स्पॅनिशमध्ये 'कान्यामो', फ्रेंचमध्ये 'शांव्र'. रशियनमध्ये तो 'कोनोप्ल्या' झाला, पोलिशमध्ये 'कोनोप्ये'. फारसीत 'कनब' आणि अरबीत 'किन्नब' अशी रूपे आहेत. ही सारी रूपे शेजारी शेजारी ठेवली की नात्यातली माणसे ओळखू यावीत तशी ती ओळखू येतात.

पण इंग्रजीतला 'हेंप' आणि जर्मनमधला 'हान्फ' ह्यांचा कॅनाबिसशी काय संबंध, असे कोणीही विचारील. येथे विद्यार्थ्यांनी थोडे लक्ष द्यावे. जर्मन घराण्याच्या भाषांत फार पूर्वी उच्चारांचा एक ठराविक बदल घडला. जेथे इतर भाषांत 'क' होता तेथे 'ह' आला, आणि 'ब'च्या जागी 'प' आला. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. बैलाच्या शिंगाला संस्कृतात 'शृंग', लॅटिनमध्ये 'कॉर्नू' आणि इंग्रजीत 'हॉर्न'. शंभराला संस्कृतात 'शतम्', लॅटिनमध्ये 'केंटुम' आणि इंग्रजीत 'हंड्रेड'. हाच नियम लावा. कॅनाबिसमधल्या 'क'चा 'ह' झाला, 'ब'चा 'प' झाला. जुन्या इंग्रजीत 'हॅनेप' असे रूप मिळते आणि त्याचेच झिजून 'हेंप' झाले. ह्यावरून असे अनुमान निघते की, हा उच्चारबदल पुरा होण्यापूर्वीच, म्हणजे इसवी सनाच्याही आधी, हा शब्द उत्तर युरोपातल्या लोकांना मिळालेला होता. कोणताही शिलालेख हाती नसताना केवळ दोन अक्षरांवरून एवढा इतिहास सांगता येतो, ही भाषाशास्त्राची करामत आहे.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे ते नात्यातले असतातच असे नाही. मराठीत केसांचा भांग निराळा आणि प्यायची भांग निराळी. दिवाळी-ईदचा सण निराळा आणि वाखाचा सण निराळा. नाते ठरवायला नियम आणि पुरावा लागतो. हे तत्त्व शब्दांपुरतेच नाही, हे पुढे आपल्या ध्यानात येईल.

ह्या शब्दाची मुलेबाळे आपल्या घरातही आहेत. पिकनिकची पिशवी, क्रिकेटचे बूट, चित्रकाराचा फलक ज्या जाड कापडाचा असतो त्या 'कॅनव्हास'चे नाव लॅटिन कॅनाबिसवरूनच आले. कॅनव्हास म्हणजे हेंपच्या धाग्याचे कापड. निवडणुकीत उमेदवार दारोदार 'कॅन्व्हासिंग' करीत फिरतो. तो शब्दही त्याच कापडातून निघाला. एखाद्याला चादरीत घालून उडवणे, मग एखादा प्रश्न खालवर करून तपासणे, आणि शेवटी मते मागणे, असा त्याचा अर्थ सरकत गेला. फ्रान्समधल्या मार्से ह्या बंदराच्या सर्वांत प्रसिद्ध रस्त्याचे नाव 'कानबिएर'. तेथे एके काळी जहाजांचे दोर वळले जात, त्या दोरांच्या धाग्याचे नाव रस्त्याला राहिले. ह्या झाडाचे बी आवडीने खाणाऱ्या एका चिमुकल्या युरोपीय पाखराच्या शास्त्रीय नावातही 'कॅनाबिना' आहे. इंग्रजीत 'हेंपची कॉलर' म्हणजे फाशीचा दोर, असा कडवट वाक्प्रचारही होऊन गेला.

ह्या सगळ्या शब्दांत एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. दोर, शीड, कापड, बी, पाखरू, रस्ता. नशेचे नाव नाही. युरोपात शेकडो वर्षे हेंप म्हणजे शेतकऱ्याचे, कोष्ट्याचे आणि खलाशाचे पीक होते. स्वीडनच्या लिनियस ह्या शास्त्रज्ञाने १७५३ साली ह्या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' असे नाव दिले. सटायव्हा म्हणजे पेरलेले, लागवडीचे. म्हणजे त्याच्याही नजरेपुढे शेतच होते.

ह्याच झाडाने ज्ञानाचीही सेवा केली आहे. चीनमधला सर्वांत जुना कागद हेंपच्या आणि तत्सम सालींच्या धाग्यांचा आहे. आठव्या शतकात ही कला समरकंदहून मुस्लिम जगात आली, बगदादेत कागदाचा मोठा बाजार उभा राहिला, आणि जवस व हेंपच्या जुन्या चिंध्या कुटून कागद होऊ लागला. पुढे अंदलुसमार्गे ती युरोपात पोचली. आपला 'कागद' हा शब्द फारसीतून आला. शाळेच्या कार्यालयात आपण कागदाचे 'रीम' मागवतो. तो इंग्रजी शब्द अरबी 'रिज्मा', म्हणजे गठ्ठा, ह्यावरून आला. एकाच झाडाच्या धाग्यावर एका पिढीने ग्रंथ लिहून ठेवले आणि त्याच झाडाच्या धुरात दुसऱ्या कोणी आपली अक्कल उडवून टाकली. झाड तेच. हात निराळे.

मग नशेची नावे युरोपात कोठून गेली? ती पूर्वेकडून गेली, आणि त्यांतले एक मोठे नाव आपल्याच किनाऱ्यावरून गेले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहात असे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता. हिंदुस्थानातल्या औषधींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात एक प्रकरण भांगेवर आहे. पोर्तुगीजमध्ये त्याने तिला 'बांग' असे लिहिले. १५६७ साली क्लूसियस ह्या विद्वानाने ह्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि दख्खनमधली भांग युरोपभरच्या वैद्यांच्या कानांवर गेली. पुढे १७८५ साली फ्रान्सच्या लामार्क ह्याने हिंदुस्थानातल्या झाडाला 'कॅनाबिस इंडिका' असे वेगळे नाव दिले. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील ओशॉनेसी ह्या डॉक्टराने गांजाच्या औषधी गुणांवर निबंध लिहिला, आणि 'गांजा' हा शब्द इंग्रजी वैद्यकात रुजला.

गांजा हा शब्द मजुरांबरोबरही परदेशी गेला. १८४५ पासून हिंदुस्थानी मजूर करारावर जमैकात नेले गेले, आणि आज जमैकात ह्या झाडाचे रूढ नाव गांजा हेच आहे. मॉरिशसमध्ये आपले मराठी भाषक मजूरही गेले होते. तेथल्या क्रिओल बोलीत ह्याला 'गांदिया' म्हणतात.

आता अरबी शब्दाकडे येऊ. 'हशीश' ह्याचा मूळ अर्थ वाळलेले गवत, जनावरांची वैरण. मलागाचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार ह्याचे १२४८ साली निधन झाले. त्याने मिसरच्या बागांतून लावल्या जाणाऱ्या हिंदी किन्नबचे वर्णन केले असून लोक त्याला हशीशा म्हणतात असे नोंदवले आहे. आजची मुले इंग्रजीत त्याला 'वीड' म्हणतात. वीड म्हणजे तण. आठशे वर्षांच्या अंतराने दोन भाषांनी त्याला गवताचेच नाव द्यावे, ही गंमत आहे. तण पिकाचे काय करते, हे शेतकऱ्याच्या मुलाला मी सांगण्याची गरज नाही.

ह्या उलट काही नावे फार गोंडस आहेत. संस्कृत वैद्यकात भांगेला 'विजया' म्हणतात. फारसीत ह्याच्या बियांना 'शाहदाना', म्हणजे राजबीज, म्हणतात. तुर्कीत चरसाला 'एसरार' हा शब्द आहे. तो अरबी 'असरार', म्हणजे गुपिते, रहस्ये. विजय, राजेपण, रहस्य! एवढी भारी नावे असली की कोणाही कोवळ्या मुलाला त्या दाराआड काही थोर असेल असे वाटणारच.

मित्रांनो, हशीश ह्या शब्दाने आपल्या इतिहासात एक वाईट कामही केले आहे. इंग्रजी व फ्रेंच भाषेत 'असॅसिन' म्हणजे दबा धरून खून करणारा मारेकरी. १०९० साली हसन बिन सब्बाह ह्यांनी इराणातला अलमूत किल्ला घेतला आणि तेथे निजारी इस्माइली पंथाचे ठाणे उभे राहिले. १२५६ साली मंगोलांनी ते मोडले. ह्या पंथाच्या विरोधकांनी त्यांना 'हशीशी' असे हिणवायला सुरुवात केली. हलकट, खालच्या दर्जाचे, अशा अर्थाची ती शिवी होती. क्रुसेडच्या लढायांत युरोपीयांनी ती शिवी ऐकली आणि मायदेशी नेली. तेथे शिवीचा शब्दशः अर्थ लावण्यात आला आणि त्यावर एक कहाणी रचली गेली की, हे लोक तरुणांना हशीश पाजून खून करवतात. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाने ही कहाणी घरोघर नेली. १८०९ साली सिल्वेस्त्र द सासी ह्या फ्रेंच पंडिताने असॅसिन हा शब्द हशीशवरून आला हे दाखवून दिले. शब्दाची व्युत्पत्ती बरोबर होती. पण कहाणी? फरहाद दफ्तरी ह्या इतिहासकाराने १९९४ साली ह्या दंतकथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखवले की, त्या काळच्या इस्माइली लेखनात किंवा त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्या मुस्लिम इतिहासकारांच्या लेखनातही अशा नशापाण्याचा पुरावा नाही. शिवी खरी होती, आरोप खोटा होता. आज ह्याच जमातीच्या शाळा आणि दवाखाने अनेक देशांत चालतात.

असेच अमेरिकेत घडले. तेथे हेंप हे शेतकऱ्यांचे जुने पीक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोतून आलेल्या मजुरांबरोबर 'मारिवाना' हा शब्द आला. वर्तमानपत्रांनी व सरकारी अधिकाऱ्यांनी हा परका शब्द इतका गाजवला की ओळखीचे झाड लोकांना परक्यांनी आणलेले संकट वाटू लागले. १९३७ साली त्याच नावाने कर-कायदा झाला. वॉशिंग्टन राज्याने २०२२ साली कायदा करून आपल्या पुस्तकातून तो शब्द काढला आणि 'कॅनाबिस' घातला, कारण त्या शब्दाला वंशद्वेषाचा वास होता.

ह्यातून काय दिसते? युरोप-अमेरिकेने ह्या झाडाच्या दोराला घरचे नाव ठेवले आणि नशेला परक्याचे. जे चांगले ते आमचे, जे वाईट ते दुसऱ्याचे. हा माणसाचा स्वभावच आहे आणि आपणही त्याला अपवाद नाही. व्यसन म्हटले की ते अमुक मोहल्ल्यात, तमुक वस्तीत, त्या जातीत, त्या गावात आहे असे आपणही बोलतो. आपल्याकडच्या काही तकियांवर फकिरीच्या नावाखाली चिलीम फिरते, हे आपण पाहतो आणि गप्प बसतो. एखाद्या जमातीला नाव चिकटवणे सोपे असते. स्वतःच्या घरातल्या वस्तूला तिचे खरे नाव देणे कठीण.

ह्या बाबतीत आपल्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रवेत्त्यांनी, जे केले ते शिकण्यासारखे आहे. हशीशचा प्रसार वाढला तेव्हा काही लोक म्हणू लागले की, कुरआन शरीफमध्ये 'खमर' मना आहे, हशीशचे नाव कोठे आहे? खमर तर द्राक्षांची दारू! तेव्हा उलमांनी शब्दाच्या मुळाशी जाऊन उत्तर दिले. अरबीत 'ख-म-र' ह्या धातूचा अर्थ झाकणे. डोके झाकण्याचे वस्त्र ते 'खिमार'. हजरत उमर (रजि.) ह्यांनी मिंबरवरून खमरचा खुलासा केला तो असाच होता की, जी अक्कल झाकून टाकते ती खमर. मग ती द्राक्षांची असो, खजुरीची असो की पानाफुलांची असो. इब्न तैमिया ह्यांनी ह्याच न्यायाने हशीशला हराम ठरवले, आणि १३९२ साली निवर्तलेल्या इमाम जरकशी ह्यांनी ह्या एका विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा विचार एका वाक्यात सांगायचा तर असा: नाव पाहू नका, परिणाम पाहा.

गंमत पाहा, ह्याच धातूपासून 'खुमार' हा शब्द झाला. नशा उतरतानाची ती डोकेदुखी आणि सुस्ती. तो मराठीत आला आणि 'खुमारी' झाला. आज आपण गाण्याची खुमारी, गोष्टीची खुमारी असे कौतुकाने म्हणतो. दुखण्याचे नाव गोडीचे झाले. शब्द असे बदलतात. त्यात शब्दाचा दोष नाही. पण वस्तूचा गुण मात्र शब्दाबरोबर बदलत नाही.

आपल्या देशाचा कायदाही नावापेक्षा वस्तू पाहतो. अंमली पदार्थांचा कायदा १९८५ साली झाला आणि त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे, चरस म्हणजे त्याची राळ, अशी व्याख्या आहे. नुसती पाने व बी शेंड्यांसोबत नसतील तर ती ह्या व्याख्येत येत नाहीत. भांगेच्या पानांचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांकडे जातो. धागा आणि बी ह्यांसाठी सरकार खास परवानगीने लागवड करू देऊ शकते. म्हणजे कायद्यालाही दोर आणि धूर ह्यांतला फरक मान्य आहे.

पालकांनी ह्यातल्या शिक्षा नीट ऐकाव्यात. गांजा एक किलोपर्यंत सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एक किलोच्या वर दहा वर्षांपर्यंत, आणि वीस किलोच्या वर कमीत कमी दहा व जास्तीत जास्त वीस वर्षे. विनापरवाना लागवडीलाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुरीच्या, कापसाच्या, हळदीच्या पिकाआड गांजाची झाडे लावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. चार पैशांच्या आशेने बांधावर चार झाडे लावणाऱ्याला ती झाडे नव्हेत, खटला वाटला पाहिजे. आणि विद्यार्थ्यांनो, 'ही पिशवी तेवढी अमक्याला दे' असे कोणी म्हणाले तर आत काय आहे हे विचारल्याशिवाय हात लावू नका. 'माल', 'पुडी', 'स्टफ' ही नावे ज्याने ठेवली, त्याला खरे नाव उच्चारण्याची भीती वाटते. जी वस्तू आपले नाव लपवते तिच्यापासून दूर राहावे, एवढे साधे गणित आहे.

काही हुशार मुले म्हणतील, सर, कॅनडात २०१८ साली आणि जर्मनीत २०२४ साली ह्याला परवानगी मिळाली. खरे आहे. पण त्या दोन्ही देशांत अठरा वर्षांखालील मुलांना ती परवानगी नाही, ही पुढची ओळ कोणी वाचून दाखवत नाही. ह्याचे कारण वैद्यकीय आहे. ह्या झाडातले नशा आणणारे मुख्य द्रव्य १९६४ साली शास्त्रज्ञांनी वेगळे करून ओळखले. तेव्हापासून झालेल्या अभ्यासाने असे दिसते की, वाढत्या वयात नेहमी सेवन करणाऱ्यांची स्मरणशक्ती व लक्ष देण्याची शक्ती उणावते, आणि मनाचे गंभीर आजार जडण्याचा धोका वाढतो. विद्यार्थ्याची सारी पुंजी स्मरण आणि लक्ष हीच. ती गेली तर आईबापांनी शेतात घाम गाळून भरलेली फी कोठे गेली म्हणायची?

आता शेवटचे, आणि पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. आपला मुलगा ह्या वाटेला लागल्याचा संशय आला तर पहिल्या दिवशी काय करतो आपण? लपवतो. मोहल्ल्यात नाव जाईल, बहिणींची लग्ने अडतील, म्हणून आपण त्याला दुसरे नाव देतो. 'त्याची तब्येत बरी नाही', 'नजर लागली', 'सोबत वाईट आहे'. हीसुद्धा नावाचीच फसवणूक. आजाराला खरे नाव दिल्याशिवाय औषध मिळत नाही. कायद्यातही सोय आहे. कमी प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन तो पुरा करील, तर त्याला खटल्यातून सूट मिळते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. मुलाला 'गंजेडी' म्हणून घराबाहेर काढू नका. हशीशी म्हणून एका जमातीला जगाने काय केले ते आपण आत्ताच पाहिले. तीच शिवी आपल्या घरातल्या लेकराला लावू नये. व्यसनाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, आणि मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने.

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, शब्दकोश उघडण्याची सवय लावून घ्या. आपण घरी दखनी बोलतो, मदरशात अरबी वाचतो, शाळेत मराठी लिहितो, पुढे इंग्रजी शिकतो. चार भाषांची ही संपत्ती फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. कोणताही नवा शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारा: हे नाव कोणी ठेवले? कशासाठी ठेवले? आणि नाव काढून टाकले तर खाली वस्तू काय उरते? हे तीन प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गोड नावाने कोणी फसवू शकणार नाही, आणि तो दुसऱ्या कोणाला वाईट नावाने हिणवणारही नाही.

 अल्लाह तआला आपल्या मुलांच्या अकलेची आणि आरोग्याची हिफाजत करो, आमीन.

खुदा हाफिज.